नकाशावर बिंदू भलत्याच ठिकाणी का दिसतात? कोऑर्डिनेट्समधील चुका कशा ओळखाव्यात

गावातील विहिरींची यादी तयार केली, फाइल नकाशावर उघडली आणि सगळ्या विहिरी समुद्रात! अशा वेळी बिंदू हाताने ओढून जागेवर आणू नका. ते कुठे गेले आहेत, यावरूनच चूक कळते.

नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात

अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली आहे. पुण्याचे अक्षांश १८.५२ आणि रेखांश ७३.८६ आहेत. हे आकडे उलटले की पुणे थेट आर्क्टिक भागात जाते. गूगल मॅप्समध्ये अक्षांश आधी लिहितात, तर जिओजेसन आणि केएमएल फाइलमध्ये रेखांश आधी असतात. महाराष्ट्रात अक्षांश साधारण १५ ते २३ आणि रेखांश ७२ ते ८१ यांदरम्यानच असतात, हे लक्षात ठेवा.

आफ्रिकेजवळ, गिनीच्या आखातात

ही शून्य अक्षांश, शून्य रेखांशाची जागा. यादीतील रिकामे रकाने शून्य धरले गेले असावेत. सगळेच बिंदू इथे एका ठिपक्यात गोळा झाले असतील, तर अंशांतील आकडे मीटर म्हणून वाचले गेले असण्याची शक्यता जास्त.

काही किलोमीटर अंतरावर

१८ अंश ३१ मिनिटे १२ सेकंद म्हणजे १८.५२, १८.३११२ नव्हे. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवावे लागते. इथे चुकल्यास जागा सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला सरकते.

नागपूर सुरतजवळ

यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे ६-६ अंशांचे पट्टे केलेले असतात. पुणे ४३ व्या पट्ट्यात, तर नागपूर ४४ व्या पट्ट्यात येते. नागपूरची फाइल ४३ व्या पट्ट्यात उघडली की सगळे ६ अंश पश्चिमेला जाते.

सगळे एकाच दिशेने थोडे सरकलेले

जुने सर्वेक्षण नकाशे एव्हरेस्ट या आधारावर, तर जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या आधारावर चालते. दोन्ही रूपांतर न करता एकत्र केले की विहीर शेजाऱ्याच्या शेतात दिसते. ही चूक सर्वांत धोकादायक, कारण ती सहज लक्षात येत नाही.

दुरुस्ती करताना

क्यूजीआयएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळे पर्याय असतात. 'सेट सीआरएस' फक्त फाइलवरची पाटी बदलतो, आकडे तेच राहतात. 'रीप्रोजेक्ट' आकडेच नव्या पद्धतीत बदलतो. पाटी चुकीची किंवा गायब असेल (उदा. शेपफाइलसोबतची पीआरजे फाइल हरवली असेल), तर आधी योग्य पाटी लावा. रूपांतर त्यानंतर करा. पाटी चुकीची असताना रूपांतर केल्यास चूक नव्या फाइलमध्ये कायमची बसते. म्हणून मूळ फाइलची प्रत नेहमी जपून ठेवा.

शेवटी गावातील देऊळ किंवा पूल अशी दोन-तीन ओळखीची ठिकाणे उपग्रह चित्रावर ताडून पाहा. ती जुळली, तरच फाइल पुढे पाठवा.