काखेतली गाठ आणि १८९७ चे पुणे

चिंचवडगावातून जाणाऱ्या प्रत्येकाला चापेकर चौक ठाऊक आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, हेही ठाऊक आहे. पण रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घरोघर शिरून माणसांच्या काखा आणि जांघाच का चाचपत होते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. माझे शिक्षण कारखान्यात आणि ग्रंथालयात झाले. हा प्रश्न मला इतिहासाकडून शरीरशास्त्राकडे घेऊन गेला.

पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येते, हे आपल्या आज्यांना माहीत होते. जखम पायाला आणि गाठ जांघेत, असे का? रक्तातले पाणी बारीक केशवाहिन्यांतून सतत पेशींभोवती झिरपते. बरेचसे तिथूनच रक्तात परतते. उरलेले, दिवसाकाठी काही लिटर, वेगळ्या नळ्यांतून जाते. ही लसीका. तिला हृदयासारखा पंप नाही. नळ्यांच्या भिंतींचे आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि श्वास तिला पुढे ढकलतात, झडपा मागे येऊ देत नाहीत. अखेर ती गळ्याच्या तळाशी मोठ्या शिरांत मिळते. वाटेत शेकडो लसीका ग्रंथी लागतात. मान, काख आणि जांघ इथे त्यांचे पुंजके असतात.

आमच्या कारखान्यात मशिनवरचे कूलंट चाळणीतून गाळून टाकीत परत येई. ग्रंथी तशीच गाळते. पण चाळणी कचरा ओळखत नाही, ग्रंथी ओळखते. तिच्यातल्या भक्षक पेशी जंतू गिळतात. काही पेशी जंतूचा तुकडा लसीका पेशींना दाखवतात. ज्या पेशीशी तो जुळतो ती हजारोंनी वाढते आणि प्रतिद्रव्ये तयार होऊ लागतात. या लगबगीनेच गाठ सुजते.

प्लेगचा जंतू नेमका याच व्यवस्थेचा फायदा घेतो. पिसू चावल्यावर काही भक्षक पेशी त्याला गिळतात, पण मारू शकत नाहीत. तो लसीकेच्या वाटेने ग्रंथीत पोचतो आणि तिथेच बेसुमार वाढतो. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून गाठ बहुधा जांघेत. मराठीत या रोगाला ग्रंथिक सन्निपात म्हटले गेले, ते अचूक होते.

म्हणजे गाठ शोधण्यामागे वैद्यकीय कारण होते. पुण्यात ती शोधली गेली ती मात्र सैन्याच्या हातांनी. साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्चला प्लेगनेच गेल्या आणि तीनच दिवसांनी घरझडत्या सुरू झाल्या. स्त्रियांना चारचौघांत तपासल्याच्या तक्रारी झाल्या, सामान जाळले गेले, देवघरे बाटली. पिसवेचा मात्र कोणालाच पत्ता नव्हता. सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत तिचा संबंध दाखवला तो १८९८ साली, आणि तोही लगेच कोणी मानला नाही. शिवाय गाठ हाताला लागते तेव्हा जंतू आत पोचून वाढलेला असतो.

त्याच वर्षी मुंबईत हाफकिन दुसऱ्या वाटेने निघाले होते. उष्णतेने मारलेले प्लेगचे जंतू टोचून ग्रंथींना शत्रूची ओळख आधीच करून द्यायची, हा त्यांच्या लशीचा गाभा. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. लस अपुरी होती, ताप आणत होती, तरी तिचा उपयोग झाला.

रँड ३ जुलैला मरण पावला. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात वासुदेव, महादेव रानडे आणि बाळकृष्ण गेले. १८९७ चा तो कायदा मात्र टिकला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात तोच लागू झाला आणि पुढे चाकणच्या कारखान्यांच्या दारांत आम्ही कपाळ पुढे करून ताप मोजून घेऊ लागलो. तपासणी तेव्हाही गरजेची होती, आजही आहे. पुण्याने तेव्हा विचारलेला प्रश्न तिच्या गरजेचा नव्हता. माझ्या अंगाला हात लावण्यापूर्वी मला कोणी विचारणार आहे की नाही, हा होता.