फुलसावंगीची ‘लाजाळू’ मुलगी
फुलसावंगी (ता. महागाव, जि. यवतमाळ) येथील एका मुलीला घरचे ‘लाजाळू’ म्हणतात. ती नजर टाळते, कुकरची शिट्टी झाली की कान झाकते, पाहुण्यांसमोर मात्र शिकवल्याप्रमाणे हसते. ही स्वमग्नतेची लक्षणे असू शकतात. पण मुलीचा अबोलपणा गुण मानला जात असल्याने ती सहज दुर्लक्षिली जातात. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांच्या स्वमग्नतेवरील १९४३च्या निबंधातील ११ मुलांपैकी ८ मुलगे होते. पुढचे निकषही मुख्यतः मुलग्यांवरूनच बेतले गेले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या निदानात तर या अडथळ्यात वर्णभेदाचीही भर पडते. आपल्याकडे १९९५च्या अपंग कायद्यातील यादीत स्वमग्नता नव्हती. २०१६च्या कायद्याने ती यादीत आली. निदान प्रौढ वयातही होऊ शकते, आणि ते मागणे हा या मुलीचा हक्क आहे. – संपादक