इनाम कमिशन : दक्षिणेतील इनामांच्या चौकशीचा एक अध्याय

कृष्णा आणि येरळा या दोन नद्यांच्या मधील पलूसचा टापू एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका सत्तेखाली नव्हता. तासगावास पटवर्धनांची जहागीर, कुंडलास औंधकर प्रतिनिधींचा अंमल, दक्षिणेस सांगलीकरांची गावे आणि उत्तरेस व पश्चिमेस सातारकर छत्रपतींचे राज्य अशी ही सरमिसळ होती. मात्र गावच्या वसुलाची मांडणी सर्वत्र एकच असे. एकूण जमिनीतून देवाचा, धर्मादायाचा आणि वतनाचा भाग प्रथम वजा व्हावयाचा व उरलेल्या जमिनीचा आकार सरकारात जावयाचा. गुरवाची पूजाअर्चेची जमीन, जोशाचे वतन, मुलाण्याचा तुकडा, मशिदीच्या दिवाबत्तीची सोय, महारांची हाडोळा, एखाद्या वैदिक ब्राह्मणास दिलेली अग्रहाराची पट्टी, लढाईत पडलेल्या शिलेदाराच्या मुलास बालपरवेशी म्हणून लावून दिलेली शेती, हे सारे त्या वजावाटीत येई.

या दानांचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. इनाम देताना राजा आपल्या खाजगी तिजोरीतून द्रव्य काढून देत नसे. रयतेकडून सरकारास जो वसूल यावयाचा, त्यावरील आपला हक्क तो सोडून देत असे. म्हणजे इनामाचा भार अखेर सार्वजनिक वसुलावर पडत होता, आणि म्हणूनच ते इनाम खरे की खोटे, ज्या कामाकरिता दिले ते काम चालू आहे की बंद पडले, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक राजवटीने आपल्याकडे ठेवला होता. पेशवाईतही इनामे जप्त झालेली, चौकशीअंती सोडलेली व पुन्हा जप्त झालेली दिसतात. इनामांची चौकशी हा इंग्रजांचा शोध नव्हे. त्यांनी त्या चौकशीला कायद्याचे आणि कचेरीचे जे रूप दिले, ते मात्र नवे होते.

११ फेब्रुवारी १८१८ रोजी, सातारचा किल्ला हाती आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जाहीरनामा काढला. बाजीरावाची चाकरी सोडून जे स्वस्थ बसतील त्यांची वतने, इनामे, वर्षासने, देवस्थाने व नेमणुका पूर्ववत चालविल्या जातील, असे त्यात वचन होते. हे वचन उदारपणाचे होते, तसेच हिशेबाचेही होते. लढाई संपलेली नव्हती, आणि वतनदार व इनामदार वर्ग बाजीरावापासून फोडणे हा त्याचा उघड हेतू होता. पण ज्यांनी ते ऐकले त्यांनी हेतूकडे न पाहता शब्दांकडे पाहिले. पुढील चाळीस वर्षे इनामदारांचे अर्ज याच जाहीरनाम्याचा आधार घेत राहिले.

आता दुसरी बाजू. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत मामलती मक्त्याने देण्याची चाल पडली होती. मक्तेदार मामलेदारास आपला पैसा उगवावयाचा असे, आणि गावच्या पाटील-कुलकर्ण्यास अथवा परगण्याच्या देशमुख-देशपांड्यास राजी राखावयाचे असे. अशा देवघेवीत ज्याला अधिकार नाही त्याने जमीन सोडावी, आणि सोडलेली जमीन दोन-चार वर्षांनी ‘पुरातन इनाम’ या सदरात जाऊन बसावी, हे घडून येणे कठीण नव्हते. दप्तर लिहिणारा कुलकर्णी अनेकदा स्वतःच इनामदार अथवा त्याचा भाऊबंद असे. ज्याच्या हाती वही, त्याच्याच हाती पुरावा, आणि पुराव्याचा लाभही त्यालाच, ही त्या व्यवस्थेतील मूळ अडचण होती.

कंपनी सरकारला ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नाही, परंतु प्रथम घाईही नव्हती. १८२७ च्या कायदेसंग्रहातील सतराव्या नियमाने माफीच्या हक्कांविषयी काही कसोट्या ठरविल्या व काम जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांवर सोपविले. त्यांना त्यास वेळ नसे. खरी चालना जमिनीच्या मोजणीने दिली. हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुराहून सुरू केलेली पाहणी जसजशी दक्षिणेकडे सरकली, तसतसा कोणत्या गावी किती जमीन सरकारास काहीच देत नाही याचा प्रत्यक्ष आकार दिसू लागला. १८४३ मध्ये दक्षिणी मराठा मुलखातील इनामांच्या चौकशीकरिता कमिटी नेमली गेली, आणि तिच्या मुळाशी गोल्डस्मिडच होता. पाठोपाठ १८४८ साली तासगावची जहागीर वारसाअभावी सरकारजमा झाली आणि त्याच वर्षी शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांच्या मृत्यूनंतर सातारचे राज्य खालसा करण्यात आले. त्यामुळे कृष्णाकाठची आणखी शेकडो गावे या चौकशीच्या कक्षेत आली.

या चौकशीची पद्धत इतिहासाच्या अभ्यासकास विशेष रोचक वाटावी अशी आहे, कारण ती मूलतः कागदांच्या परीक्षेची पद्धत होती. इनामदार आपली सनद, असल्यास ताकीदपत्रे, व मागील पिढ्यांची हकीकत सांगणारी कैफियत हजर करी. कमिशनकडे त्याच्याशी ताडून पाहण्यास पुण्याचे दप्तर होते. पेशव्यांच्या हुजूर दप्तरात रोजकीर्दी होत्या, प्रांतांचे ताळेबंद होते, गावांचे झाडे होते. हुजुरातून खरोखर सनद सुटली असेल तर त्या दिवसाच्या रोजकीर्दीत तिची नोंद सापडावी, आणि पुढील सालांच्या झाड्यांत ती जमीन वजा पडलेली दिसावी. सनदेवरील सुहूर सन, चंद्र, शिक्का, मोर्तब व लिहिणाराचे अक्षर ही अंतर्गत परीक्षा, तर दप्तरातील नोंद ही बाह्य परीक्षा. पुढे इतिहाससंशोधकांनी अस्सल व बनावट पत्रांच्या निवडीसाठी जी साधने वापरली, त्यांपैकी बरीचशी या महसुली कचेरीत आधीच राबत होती. इतिहासाची सेवा करावी असा त्या कचेरीचा हेतू मुळीच नव्हता, हे वेगळे सांगावयास नको.

परंतु याच पद्धतीत तिचा दोषही होता. हुजूर दप्तर सर्वत्र सारखे शाबूत नव्हते. धामधुमीत काही भाग नष्ट झाला होता, आणि जहागिरींच्या मुलखातील पुष्कळ दाने हुजुरापर्यंत कधी पोचलीच नव्हती. पटवर्धनांनी अथवा प्रतिनिधींनी आपल्या अंमलात दिलेल्या तुकड्याची नोंद पुण्यास का सापडावी? नोंद न मिळणे हा खोटेपणाचा पुरावा मानावा की केवळ पुराव्याचा अभाव, हा प्रश्न तर्कशास्त्रातला वाटला तरी ज्या घराचे पोट त्या दहा बिघ्यांवर होते त्याला तो निराळ्याच रीतीने भिडत असे. गरीब इनामदाराजवळ सनद बहुधा नसेच. घर जळाले, पुरात वाहिले, भाऊबंदकीत कागद दुसऱ्या शाखेकडे राहिले, अशी उत्तरे येत. त्यांतील काही खोटी असतील, पण कृष्णेच्या काठी पुरात कागद गेल्याची सबब नेहमीच खोटी असते असे कोणी म्हणू शकणार नाही.

१८५२ चा अकरावा कायदा झाला आणि कमिटीचे रूपांतर पूर्ण अधिकाराच्या इनाम कमिशनात झाले. कायद्याने कसोट्या स्पष्ट केल्या. अधिकार असलेल्या सत्तेने दिलेली वंशपरंपरेची सनद असेल तर ती तिच्या शर्तींप्रमाणे चालावी. सनद नसेल तर इंग्रजी अंमल येण्यापूर्वी साठ वर्षे अखंड भोगवटा, आणि अंमल आला तेव्हा मूळ इनामदाराचा नातू अथवा त्याचा पुरुषवंशज कबजात असणे, ही वंशपरंपरेची अट. भोगवटा चाळीस वर्षांचाच असेल तर आणखी एक पिढी सवलत. देवळे, मशिदी व तत्सम कायम संस्थांच्या जमिनींना अधिक संरक्षण होते. वाचताना हे नियम अन्यायाचे वाटत नाहीत. किंबहुना पूर्वीच्या राजवटींच्या मर्जीपेक्षा ते कितीतरी निश्चित होते.

अन्यायाची जागा नियमांत नव्हती, न्यायासनात होती. इनाम खोटे ठरले तर जमिनीचा आकार सरकारास मिळणार, म्हणजे वादात सरकार हा पक्षकार होता. निर्णय देणारा असिस्टंट सरकारचा नोकर होता, त्यावर अपील इनाम कमिशनराकडे होई आणि अखेरचा शब्द मुंबई सरकारचा असे. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा या दाव्यांना कायद्याने बंद केला होता. पुराव्याचे ओझे सर्वस्वी इनामदारावर, आणि पुराव्याचे भांडार मात्र दुसऱ्या पक्षाच्या कुलपात. हार्ट, कॉवपर व एथरिज ही नावे कमिशनच्या इतिहासात वारंवार येतात. त्यांच्या मेहनतीविषयी शंका घेण्याचे कारण नाही, परंतु असिस्टंटांत लष्करातून आलेले, कायद्याचे शिक्षण नसलेले अधिकारी होते, आणि त्यांनी शेकडो कुटुंबांच्या मिळकतीचे निकाल द्यावेत यावर त्या काळीही टीका झाली.

एतद्देशीय नोकरांत एक नाव महाराष्ट्रास चांगले परिचित आहे. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हे १८५२ मध्ये वाई येथे मुनसफ होते आणि १८५६ मध्ये असिस्टंट इनाम कमिशनर झाले. ‘प्रभाकर’ पत्रातील शतपत्रांमधून आयत्या उत्पन्नावर जगणाऱ्यांना ज्यांनी कठोर बोल लावले, त्यांच्याच हाती असल्या उत्पन्नांची कागदपत्रे तपासण्यास यावीत, हा योग विलक्षण खरा. यावरून कमिशन म्हणजे केवळ परकीयांनी केलेली लूट होती, हे सरसकट विधान किती अपुरे आहे ते कळते. इनामांतील गैरव्यवहार बंद व्हावा असे प्रामाणिकपणे मानणारा एक वर्ग येथेही होता.

आक्षेपांना वाचा फोडली ती मात्र एका इंग्रज पत्रकाराने. ‘बॉम्बे टाइम्स’चा संपादक रॉबर्ट नाइट याने १८५९ मध्ये लंडनमध्ये पुस्तिका छापून कमिशनचा बुरखा फाडण्याचा प्रयत्न केला. कोल्हापुरात १८५७ चा प्रसंग ज्याने हाताळला तो जनरल ले ग्रँड जेकब यानेही आपल्या आठवणींच्या ग्रंथात कमिशनला असंतोषाचे एक मोठे कारण ठरविले. सुमारे पस्तीस हजार इनामदारांना पुरावा मागितला गेला आणि पाच वर्षांत वीस हजारांहून अधिक इनामे जप्त झाली, असा आकडा इंग्रज लेखकांच्या ग्रंथांतून वारंवार येतो. या आकड्याने दिपून जाऊ नये. त्यात चार बिघ्यांचा तुकडाही एक आणि अख्खे गावही एकच मोजले जाते, आणि ‘जप्त’ या शब्दाखाली ताबडतोब गेलेल्या जमिनी व हयातीपर्यंत चालविलेल्या जमिनी हा भेद पुसला जातो. तरीही इतक्या कुटुंबांवर एकाच दशकात टांगती तलवार होती, ही गोष्ट त्याने खोटी ठरत नाही.

१८५८ च्या मे महिन्यात नरगुंदचे संस्थानिक भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे यांनी उठाव केला व पोलिटिकल एजंट चार्ल्स मॅन्सन याचा सुरेबान येथे वध झाला. भास्कररावांना त्याच वर्षी जूनमध्ये बेळगाव येथे फाशी देण्यात आले. त्यांचे मुख्य गाऱ्हाणे दत्तकाच्या नामंजुरीचे होते, इनामांचे नव्हे. परंतु मॅन्सन हा पूर्वी इनाम कमिशनच्या कामात होता, आणि त्या कामामुळे त्याच्याविषयी त्या मुलखात कटुता साठली होती, असे समकालीन इंग्रजांनीच नमूद केले आहे. चौकशी करणारा माणूस आणि राज्य करणारा माणूस एकच असला म्हणजे लोक दोहोंचा राग एकाच ठिकाणी काढतात.

बंडाचा धडा सरकारने घेतला, पण चूक कबूल करून नव्हे. १८६३ च्या दुसऱ्या व सातव्या कायद्यांनी ‘समरी सेटलमेंट’ आणली. चौकशी नको असलेल्या इनामदाराने आकाराचा ठराविक अंश, दुसऱ्या कायद्याच्या मुलखात सामान्यतः चौथाई, सालोसाल भरावा व नजराण्याचाही निकाल त्यात करावा, मग त्याची जमीन वारसा-विक्रीच्या हक्कांसह त्याच्याकडे कायम राहील. अस्सल सनदेचा धनी आणि बनावट सनदेचा धनी यांनी एकच चौथाई भरली व दोघेही निश्चिंत झाले. वीस वर्षे ज्या प्रश्नासाठी दप्तरे चाळली तो प्रश्नच यामुळे मोडीत निघाला. सरकारचा वसूल थोडा वाढला, इनामदारांची धास्ती गेली, आणि खरेखोटे ठरविण्याचे काम अर्धवट राहिले. राज्यकारभाराच्या दृष्टीने ही तडजोड शहाणपणाची होती. ज्यांची इनामे त्याआधी गेली होती, त्यांना मात्र हे शहाणपण उशिरा सुचले असेच वाटले असणार.

एथरिज याने कमिशनचा वृत्तांत लिहिला व तो १८७३ च्या सुमारास सरकारी निवडक कागदपत्रांत छापला गेला. तो साहजिकच बचावाचा आहे. नाइटची पुस्तिका फिर्यादीची आहे. या दोहोंमध्ये जी तिसरी साक्ष पडली आहे ती इनामदारांच्या स्वतःच्या कैफियतींची. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या व मावजी आणि पारसनीस यांनी १९०८ मध्ये छापलेल्या ‘कैफियती, यादी’ या संग्रहात तिचा एक अंश आला आहे. घराण्याचा मूळ पुरुष कोण, कोणत्या स्वारीत काय कामगिरी केली, कोणी काय दिले व कोणी काय काढून घेतले, हे इनामदार पोटतिडिकेने सांगतो. स्वार्थ असल्यामुळे तो अतिशयोक्ती करतो आणि स्वार्थ असल्यामुळेच बारकावे विसरत नाही. घराण्यांच्या इतिहासासाठी अशा कैफियती वापरताना ही दुहेरी सावधगिरी अनेक लेखकांनी ठेवलेली नाही, असे खेदाने म्हणावे लागते. चौकशीच्या निमित्ताने एकत्र जपले गेलेले मूळ दप्तर पुढे पुण्याच्या ‘एलिएनेशन ऑफिस’मध्ये आले, आणि त्यातूनच रियासतकार सरदेसाई यांनी १९३० च्या सुमारापासून पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने परगणे व कुलकर्णी वतने १९५० च्या आणि जातइनामे १९५२ च्या कायद्याने नष्ट केली. हलक्या गाववतनांचा निकाल १९५८ च्या कायद्याने लागला. देवस्थान इनामे मात्र या कायद्यांतून वगळली गेली. कृष्णाकाठच्या गावी देवस्थानाच्या जमिनीचा वाद आजही उभा राहिला म्हणजे प्रथम मागितला जातो तो एलिएनेशन रजिस्टराचा उतारा, आणि त्यातील नोंदीचा धागा बहुधा इनाम कमिशनच्या एखाद्या असिस्टंटाने दिलेल्या निकालापर्यंत जाऊन पोचतो.