सशाच्या घराची कुळकथा

अंगणात किंवा बागेत पाळीव सशांसाठी केलेल्या चांगल्या निवाऱ्याचे आज दोन भाग असतात. एक, झोपण्या-लपण्यासाठी कोरडी, बंदिस्त खोली. दुसरा, तिला जोडलेले, जाळीने वेढलेले मोकळे आवार. ही साधी वाटणारी रचना सिद्ध होण्यामागे सुमारे दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. या काळात सशाचे घर आधी शेतावाडीएवढे होते, पुढे ते खोक्याएवढे झाले आणि अलीकडेच ते पुन्हा मोठे होऊ लागले आहे.

जगभर पाळले जाणारे ससे ‘ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस’ या एकाच जातीचे, म्हणजे युरोपीय सशाचे वंशज आहेत. त्याचा मूळ मुलूख स्पेन, पोर्तुगाल आणि लगतचा नैर्ऋत्य फ्रान्स. महाराष्ट्राच्या माळरानावरचा रानससा हा वेगळा प्राणी. तो बीळ खणत नाही. गवतातल्या खळग्यात दबून बसतो आणि संकट आले की धूम ठोकतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. युरोपीय ससा मात्र कळपाने राहतो, जमिनीत बिळांचे जाळे खणतो आणि धोका जाणवताच मागचा पाय आपटून इतरांना सावध करत बिळात शिरतो. त्याची पिल्ले बिळातच, उघडी आणि मिटल्या डोळ्यांची जन्मतात. सोबत, आडोसा आणि उकरायला माती या त्याच्या गरजा इथूनच आलेल्या आहेत.

सशांच्या आवाराचे सर्वांत जुने तपशीलवार वर्णन रोमन लेखक व्हारो याने इ.स.पू. ३७ च्या सुमारास लिहिलेल्या शेतीविषयक ग्रंथात आहे. हे आवार मुख्यतः रानसशांसाठी होते. पण स्पेनहून आणलेल्या, बीळ करणाऱ्या सशांचाही त्यात उल्लेख आहे. आवाराच्या भिंती गुळगुळीत गिलावा केलेल्या असाव्यात, म्हणजे मांजरासारखे प्राणी आत शिरणार नाहीत. त्या उंच असाव्यात, म्हणजे लांडगा उडी मारू शकणार नाही. आत दिवसा लपण्यासाठी झुडपे आणि गवत हवे. पसरट फांद्यांची झाडे हवीत, म्हणजे गरुडाला झेप घेता येणार नाही. बाजूने, वरून आणि आतून अशा तिन्ही अंगांनी सुरक्षिततेचा विचार करणारे हे वर्णन आजही जुने वाटत नाही.

मध्ययुगात ससा युरोपभर पसरला. इ.स. ६०० च्या सुमारास पोपने उपासाच्या काळात सशाची पिल्ले खाण्यास परवानगी दिली आणि त्यामुळे मठांतील साधूंनी ससा माणसाळवला, अशी एक कथा दीर्घकाळ सांगितली जाई. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ती निराधार ठरवली. ससा एका दिवसात, एका आज्ञेने माणसाळला नाही. बंदिस्त आवारांत पिढ्यान्‌पिढ्या राहून तो हळूहळू पाळीव झाला.

इंग्लंडमध्ये नॉर्मन सत्ता आल्यानंतर, बाराव्या शतकापासून, सरदार आणि मठ यांनी मांसासाठी आणि कातड्यासाठी ‘वॉरन’, म्हणजे सशांची राखीव आवारे, राखायला सुरुवात केली. उबदार प्रदेशातून आलेल्या या प्राण्याला तिथली थंडी आणि ओल सोसत नसे. म्हणून त्याच्यासाठी मातीचे लांबट, बुटके उंचवटे रचले जात. पाणी साचू नये म्हणून त्यांच्याभोवती चर खणत; काही उंचवट्यांच्या पोटात दगडी बोळही बांधून ठेवत. असे उंचवटे डार्टमूरच्या पठारावर आजही दिसतात. राखणदारासाठी जवळच घर असे. नॉरफकमधील थेटफर्ड इथे सुमारे १४०० मध्ये बांधलेले राखणदाराचे दुमजली दगडी घर अजून उभे आहे. त्याच्या जाड भिंती चोरांचा धाक किती होता हे सांगतात. ससा ही तेव्हा श्रीमंतांची मालमत्ता होती. फ्रान्समध्ये तर खुली वॉरन राखण्याचा सरदारांचा विशेषाधिकार क्रांतीच्या काळात, ऑगस्ट १७८९ मध्ये, रद्द करावा लागला.

खोक्याचे युग खऱ्या अर्थाने एकोणिसाव्या शतकात आले. गिरण्या-कारखान्यांच्या शहरांत राहायला आलेल्या कामगारांकडे जमीन नव्हती. होते ते चिंचोळे परसू. सामानाची रिकामी लाकडी खोकी पुढून जाळी लावून त्यांनी ससे पाळले. १८४४ मध्ये नॉरिच इथल्या चार्ल्स बार्नार्ड याने तारेची जाळी विणणारे यंत्र तयार केले आणि जाळी हळूहळू सर्वांच्या आवाक्यात आली. खोके जमिनीपासून वर ठेवता येई, साफ करणे सोपे जाई, माद्या वेगळ्या ठेवता येत. काही आठवड्यांत खाण्यासाठी मारायच्या प्राण्याला एवढे पुरे, हा त्यामागचा हिशोब होता. त्याच शतकाच्या उत्तरार्धात मेजर मोरँट याच्या नावाने ओळखला जाणारा वेगळा निवारा पुढे आला. तो तळाला जाळी असलेला, उतरत्या छपराचा आणि उचलून हलवता येण्याजोगा होता. रोज त्याची जागा बदलली की सशाला खाली ताजे गवत मिळे. पण घरोघरी पोचले ते खोकेच.

पुढे ससा ताटातून मुलांच्या खेळात आला, घर मात्र तेच राहिले. काही महिने जगणाऱ्या प्राण्यासाठी केलेल्या खोक्यात आठ-दहा वर्षे जगणारा सोबती राहू लागला. त्याचे परिणाम पशुवैद्यांना दिसू लागले. हालचालीअभावी हाडे कमकुवत होतात, तारेच्या तळावर बसून टाचांना जखमा होतात, साचलेल्या लघवीच्या अमोनियाने श्वसनमार्ग बिघडतो. १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये पोचलेल्या मिक्सोमॅटोसिस या रोगामुळे आणखी एक गोष्ट लक्षात आली. हा विषाणू पिसवा आणि डासांमार्फत पसरतो. त्यामुळे लसीच्या जोडीला बारीक जाळीही संरक्षणाचा भाग ठरली.

एकविसाव्या शतकात ब्रिटनच्या ‘रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड’ या संस्थेने नुसते खोके पुरेसे नाही, अशी मोहीम उघडली. दोन सशांसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच अशी सलग, सतत उपलब्ध जागा तिने सुचवली. सशाला धावता, मागच्या पायांवर ताठ उभे राहता आणि अंग पसरून पडता आले पाहिजे, हे या मापांमागचे कारण. ससा पहाटे आणि सांजवेळी सर्वाधिक चपळ असतो. नेमका त्याच वेळी तो खोक्यात कोंडलेला नको.

या अनुभवातून घराची आजची लक्षणे ठरली आहेत. तळ भरीव, त्यावर वाळल्या गवताचा जाड थर. लपण्याच्या जागेला दोन तोंडे, म्हणजे एका सशाने दुसऱ्याला कोंडीत पकडू नये. कोंबड्यांच्या पातळ जाळीऐवजी जाड, वेल्डेड जाळी. ती जमिनीत पुरलेली किंवा कडेने बाहेर पसरलेली, म्हणजे ससा आतून आणि शिकारी प्राणी बाहेरून भुयार काढू शकणार नाही. उकरण्यासाठी मातीची पेटी आणि चोवीस तास गवत; कारण सशाचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते गवत चावूनच झिजतात.

महाराष्ट्रात प्रश्न थंडीचा नाही, उन्हाचा आहे. सशाला घामावाटे अंग थंड करता येत नाही. उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते. पारा तिशीपार गेला की त्याला उष्माघाताचा धोका असतो. त्यामुळे इथे पत्र्याचे छप्पर घातक; कौले किंवा गवताचे शाकार, झाडाची दाट सावली आणि वाहती हवा हवी. कोकणात पावसाळ्यासाठी उंच जोते हवे, मांजर, मुंगूस आणि साप यांच्यासाठी बारीक जाळी हवी. विदर्भ-मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात तर दुपारी ससे घरात घेणे हाच सुरक्षित उपाय आहे. जिथे एवढी जागा, सावली आणि सोबतीला दुसरा ससा देणे शक्य नाही, तिथे ससा पाळू नये.