दूरचित्रवाणी आणि गाणाऱ्यांच्या दोन पिढ्या

महाराष्ट्राबाहेर संसार मांडलेल्या आपणां मंडळींना मराठी गाणे भेटे ते आकाशवाणीवर, मंडळाच्या गणेशोत्सवात, नाही तर सुटीत गावी गेल्यावर. दूरचित्रवाणी आपल्या घरी आली ती बऱ्याच उशिरा. दिल्लीत तिचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या केंद्रावरील ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘शब्दांच्या पलीकडले’ हे कार्यक्रम आपण पाहिले नाहीत. त्यांचे कौतुक नातलगांच्या तोंडून ऐकले.

पुढे १९८२ साली राष्ट्रीय प्रक्षेपण सुरू झाले आणि साऱ्या देशाला एकच पडदा मिळाला. १५ ऑगस्ट १९८८ रोजी ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ प्रथम दिसले, तेव्हा पहिला स्वर पंडित भीमसेन जोशी यांचा होता. त्यांचे वय होते ६६. बालमुरलीकृष्ण आणि लतादीदी ५८ वर्षांच्या होत्या. देशाची ओळख सांगण्यासाठी ज्येष्ठांनाच पुढे करावे, यात त्या वेळी कोणाला नवल वाटले नाही. चाल बांधणारे अशोक पत्की आपले, याचा अभिमान आम्ही परमुलखात मिरवला.

तथापि त्या काळाचे नुसते गोडवे गाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शास्त्रीय गायनाची सभा रात्री उशिरा लागे आणि तोवर घरे निजलेली असत. दाद देणारा श्रोता समोर नसताना, दिव्यांच्या उष्ण झोतात बुजुर्गांना गावे लागे. नवोदितांसाठी तर दार फारच अरुंद होते.

ते दार खाजगी वाहिन्यांनी उघडले, हे मान्य केले पाहिजे. १९९५ साली झी वाहिनीवर ‘सा रे ग म’ सुरू झाले. परीक्षकाच्या आसनावर तेव्हा ज्येष्ठ बसत आणि त्यांच्या शब्दाला वजन असे. राजस्थानात वाढलेल्या श्रेया घोषाल या बंगाली मुलीचे गुण तेथेच संगीतकार कल्याणजींनी हेरले आणि तिच्या आईवडिलांना मुंबईस येण्याचा सल्ला दिला. आपल्या मुलुखापासून दूर वाढणाऱ्या मुलांच्या पालकांना ही गोष्ट विशेष जवळची वाटावी.

२००४ साली ‘इंडियन आयडॉल’ आले आणि निवाडा प्रेक्षकांच्या मतांवर गेला. पहिला विजेता अभिजीत सावंत मराठी निघाला, म्हणून आपण आनंदलो. १९९९ साली अवतरलेल्या अल्फा मराठीने, म्हणजे पुढच्या झी मराठीने, मराठी गाणे आपल्या दिवाणखान्यात आणले. तिच्या ‘लिटिल चॅम्प्स’ स्पर्धेत २००९ साली कार्तिकी गायकवाड विजयी झाली, तेव्हा मराठी बोलताना अडखळणारी आपली नातवंडेही अभंग गुणगुणू लागली. हे ऋण मोठे आहे.

परंतु याच पडद्यावर ज्येष्ठ गवई हळूहळू पाहुणा झाला. त्याला शाल मिळते, दोन शब्द बोलण्याची विनंती होते; गाण्याची विनंती क्वचित होते. तरुणाच्या वाट्याला चार मिनिटे आणि लक्षावधी डोळे येतात. विलंबित ख्यालाला जिथे अर्धा तासही अपुरा, तिथे चार मिनिटांत गळ्याची तयारी दिसते. विचार दिसत नाही. पुढच्या वर्षी नवा विजेता येतो आणि कालचा विस्मरणात जातो.

२४ जानेवारी २०११ रोजी पंडितजी गेले. त्यानंतर रसिकांनी शोधून शोधून पाहिले ते दूरदर्शनचे जुने ध्वनिचित्रमुद्रणच. जे गाणे घरे निजलेली असताना लागे, तेच टिकले होते.

आमच्या मते दूरचित्रवाणीने ज्येष्ठांना वेळ दिला, पण श्रोता दिला नाही. तरुणांना श्रोता दिला, पण वेळ दिला नाही. मंडळाच्या लहानशा सभागृहात या दोन्ही गोष्टी देता येतात. सुवर्णमहोत्सवानंतरच्या गणेशोत्सवांत एक संध्याकाळ अशी असावी, की बुजुर्ग घड्याळ न पाहता गातील आणि आपली मुले त्यांच्यामागे तानपुऱ्यावर बसतील. पन्नास वर्षे गाणे आपण असेच जपले. पुढेही ते असेच जपले जाईल.