मातेच्या माथीं आलेला दोष

भोरहून महाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नीरा-देवघरच्या जलाशयाकांठीं हिर्डोशी हें गांव आहे. या हिरडस मावळांत काय किंवा पुण्यासारख्या शहरांत काय, घरांतील तरुण नसलेले आवाज ऐकूं लागला, कीं पहिला प्रश्न एकच उठतो: हें कोणामुळें झालें? कोणी बाहेरची बाधा सांगतो, कोणी देवाचा कोप, तर कोणी नव्या सुनेचा पायगुण. सुशिक्षित मनुष्य यास हंसतो. परंतु विद्वानांनीं याच प्रश्नास दिलेलें उत्तर पाहिलें म्हणजे तें हंसूं फार वेळ टिकत नाहीं.

या रोगास ‘स्किझोफ्रेनिया’ हें नांव स्विस वैद्य ब्लॉयलर यांनीं १९०८ सालीं दिलें. मराठींत त्यास छिन्नमनस्कता म्हणतात. १९४८ सालीं, म्हणजे भोर संस्थान विलीन झालें त्याच वर्षीं, अमेरिकेंत फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनीं ‘स्किझोफ्रेनिया उत्पन्न करणारी माता’ ही कल्पना मांडली. १९५६ सालीं बेट्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुहेरी पेंचाचा सिद्धांत पुढें आणला: शब्दांनीं जवळ बोलवावें, वागण्यानें दूर लोटावें, आणि मुलास तें बोलूनहि दाखवितां येऊं नये.

या मतास अनुयायी मिळाले, त्यास कारण होतें. वंशशुद्धीच्या नांवाखालीं जर्मनींत मनोरुग्णांची हत्या झाली होती; त्यामुळें आनुवंशिकतेचें नांवहि नकोसें झालें होतें. शिवाय रोग्याच्या बडबडीसहि अर्थ असतो, हा विचार दयेचा होता. पण ती दया मातेच्या वांट्यास आली नाहीं. मुलगा आजारी पडल्यानंतर जी आई तपासली, ती भ्यालेली व अतिदक्ष असावयाचीच. कार्यासच कारण समजण्याचा हा प्रमाद होय.

१९६६ सालीं लिओनार्ड हेस्टन यांनीं आजारी मातांपासून जन्मतःच दूर वाढलेल्या ४७ मुलांचा शोध घेतला. त्यांपैकीं ५ जणांस हा रोग झाला होता. तुलनेसाठीं घेतलेल्या ५० जणांत एकासहि नाहीं. संगोपनावरचा आरोप येथें ढिला पडला. तथापि घराचें महत्त्व सरलें नाहीं. घरीं परतलेल्या रोग्यास सतत टोमणे ऐकावे लागले तर आजार पुन्हा उलटण्याचा संभव वाढतो, असें इंग्लंडांत जॉर्ज ब्राउन प्रभृतींनीं दाखविलें. रोग उत्पन्न करणें निराळें आणि रोग्याचें जिणें सुसह्य वा असह्य करणें निराळें, हा विवेक त्यांतून आला.

महाराष्ट्रांत हा विवेक घरच्या माणसांनींच रुजविला. पत्नीच्या आजारानें पोळलेले प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारानें पुण्यास १९९७ सालीं स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था निघाली. आणि २००४ सालच्या ‘देवराई’ या चित्रपटांत आजारी भावास सांभाळतांना बहिणीची होणारी ओढाताण लोकांनीं पाहिली. तेथें कुटुंब आरोपी नव्हतें. औषधोपचाराइतकाच आधाराचा खांब होतें.

आई आधींच स्वतःस दोष देत असते. तिच्यावर आणखी आरोप लादल्यानें रोगी बरा होत नाहीं. मात्र त्यास सांभाळणारा हात तेवढा दुबळा होतो. म्हणून ‘कोणामुळें झालें?’ हा प्रश्न बाजूस ठेवून ‘आतां कोणीं काय करावें?’ असें विचारणें हेंच, आमच्या मतें, या इतिहासाचें सार होय.