वाचक-लेखक कुलूप
वाचक-लेखक कुलूप किंवा रीडर-रायटर लॉक ही संगणकाच्या सामायिक स्मृतीतील माहितीचे रक्षण करणारी व्यवस्था आहे. तिच्यात अनेक थ्रेड एकाच वेळी माहिती वाचू शकतात. लेखन मात्र एका वेळी एकच थ्रेड करतो व तेवढा काळ वाचन थांबते. कूर्त्वा, हेमन्स आणि पार्नास यांनी १९७१ मध्ये हा प्रश्न मांडला.

अंकीय गणनेत एकदा काढलेले गुणक कॅशेमध्ये साठवतात. तेथे लेखन क्वचित होत असल्याने हे कुलूप उपयोगी पडते. ते नसल्यास अर्धवट लिहिलेले मूल्य वाचले जाऊन उत्तर नकळत चुकू शकते. मूल्य न सापडल्यास थ्रेड वाचन-कुलूप सोडून लेखन-कुलूप घेतो आणि कॅशे पुन्हा तपासतो. कारण मधल्या काळात दुसऱ्या थ्रेडने ते भरलेले असू शकते. वाचन अत्यल्प काळाचे असल्यास साधे कुलूपही अधिक वेगवान ठरू शकते.